पेडलवरचा पंचा

एझ्राने गिटारच्या पेडलवरचा पंचा हिसकावून भिंतीवर मारला आणि पायाने बटण दाबलं. पेडलचा लाल दिवा लागला नाही.

"तारे दिसायचेत अजून," दारातल्या खुर्चीवरून त्याचे वडील बेंजामिन म्हणाले. "शब्बाथ संपला नाय." शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारी आभाळात तीन तारे दिसेपर्यंत ज्यूंचा हा विश्रांतीचा दिवस ते कडक पाळत.

"बॅटरी मेली, पप्पा. तुम्ही मारलीत."

पेडल मामाचं. इस्रायलला जाताना त्याने मागे ठेवलेलं, कोपरे गंजलेलं. ते दाबलं की गिटारचा सूर फाटून करवतीसारखा ओरडायचा आणि बेंजामिन उठून रामवाडीच्या नाक्यावर जाऊन बसायचे. काल दिवेलागणीआधी बापलेकांचं यावरूनच कडाक्याचं भांडण झालं. एझ्रा सगळं तसंच टाकून रोह्याला बँडमधल्या मित्राकडे, विशालकडे निघून गेला. वायर पेडलमध्ये खुपसलेली राहिली की बॅटरी संपत राहते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण रागाच्या भरात कुठला माणूस वायरी काढत बसतो?

आज रोह्याला त्यांच्या बँडचा पहिला कार्यक्रम होता. यंदाच्या, चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर सगळं घर इस्रायलला जाणार होतं, म्हणजे शेवटचाही हाच. ती चौकोनी बॅटरी पेणमध्ये मिळत नव्हती, मुंबईहून आणावी लागे. बाहेर त्याला न्यायला आलेला विशाल बाइकचा हॉर्न वाजवत सुटला होता.

"दिवा दिवसभर समोर जळत होता ना? झाकलात, पण विझवला नाहीत."

"शब्बाथला मी दिवा लावत नाय, विझवत नाय."

"सोयीचा आहे तुमचा शब्बाथ! जा इस्रायलला एकटेच. मी येत नाही."

बेंजामिन खुर्चीत वळून आभाळाकडे बघायला लागले.

तेवढ्यात शेजारची शांती आली. दर शनिवारी त्यांचा स्टोव्ह तीच पेटवायची. शब्बाथला तिलाही सरळ काम सांगायचं नाही, ही घरची रीत. 'गारठा हाय गो आज' एवढं बेंजामिन म्हणाले की ती आपणहून चहा टाकायची. असं आडून सांगणं एझ्रा लहानपणापासून ऐकत आला होता.

"माझा पंचा कोनी फेकला रं?" शांतीने तो उचलून झटकला. "काका सकाळधरनं एकच म्हनतायत, लाल दिवा उगाच जळतोय गो, उगाच जळतोय. मला वाटलं, डोळ्यांना तरास होतोय. म्हनून टाकला वर."

पंचा खांद्यावर टाकून ती गेली. एझ्राला बापाकडे बघवेना.

बेंजामिन आभाळाकडे बघत होते. तिसरा तारा दिसला तसे ते उठले. फळीवरचा ट्रान्झिस्टर काढून त्यांनी त्याचं झाकण नखाने उघडलं. रोजच्या बातम्यांची ती चौकोनी बॅटरी त्यांनी मुलाच्या हातात दिली नाही, उंबऱ्यावर ठेवली.

"तुझं ते केकाटणं मला आवडत नाय. आजपन नाय."

एझ्राने बॅटरी उचलली आणि खाली बसून पेडल उलटं केलं.

"वायर काढ आधी," बेंजामिन म्हणाले.