कुंपणाबाहेरच्या आठ गायी

माझे सासरे मालाल सो आपल्या आठ गायी घेऊन कुंपणाबाहेर येऊन बसले, त्याला तिसरा दिवस उजाडला, तरी आम्ही एकमेकांकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं. सासऱ्या-जावयाने समोरासमोर यायचं नाही, एका ताटात जेवायचं नाही, एकमेकांपुढे भुकेचं नाव काढायचं नाही, ही आम्हा फुलानी गुराख्यांची लाज. मध्ये तिसरं माणूस असलं की सगळं सुरळीत चालतं. पण यंदा तिसरं माणूस आणायचं कुठून? पाऊस दगा देऊन गेला आणि फेर्लोच्या माळरानातला जो तो गुरं घेऊन दक्षिणेला गेला. सासरेबुवा उशिरा निघाले, अर्ध्या वाटेवरून परत फिरले. नव्वदांतल्या आठ उरल्या होत्या.

आणि कुंपणाच्या आत कमरेएवढं गवत उभं होतं. वाळलेलं, पण गवत. त्याचा राखणदार मी, पाते बा.

हे रान म्हणजे एक भिंत आहे म्हणे. पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत, अकरा देशांतून जाणारी झाडांची भिंत. फाटकावर पाटी आहे: 'एक आफ्रिका, हिरवी आफ्रिका, २०६३'. अकरा सरकारांना एकमेकांचा हात धरायला जमलं, आणि आम्हा दोघांना वीस पावलं चालवेनात. पाटीवर माझा राग नाही. यातली हिंगणबेटं आणि डिंकाच्या बाभळी मी स्वतःच्या हातांनी लावल्यात. माझ्या नातवंडांनी त्यांच्या सावलीत बसावं असं मलाही वाटतं. पण गायीला २०६३ पर्यंत थांब म्हणून कोण सांगणार?

नियम असा: झाडं माणसाच्या उंचीची होईस्तोवर एकही जनावर आत सोडायचं नाही. गवत मात्र उपटून नेता येतं. गुरांच्या मालकाने स्वतः येऊन मागायचं, कागदावर अंगठा उठवायचा. राखणदाराने स्वतःच्या हाताने घरच्यांना काडीही द्यायची नाही, वशिलेबाजी नको म्हणून. हे सगळं आम्ही गावकऱ्यांनीच बैठकीत ठरवलं होतं. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि सगळेच फार शहाणे झाले होते.

"तुम्ही जाणार नाही, बाबा मागणार नाहीत," माझी बायको पेंदा म्हणाली. "मग काय गायींनी येऊन अंगठा द्यायचा?"

"तू बोल ना त्यांच्याशी."

"काल दोनदा बोलले, जेवण नेलं तेही परत केलं. म्हणतात, लेकीच्या दारात भीक मागायला आलो नाही, गायी दमल्यात म्हणून बसलोय."

"मग मी काय करू?"

"फाटक उघडा."

"आणि रोपं? गुडघ्याएवढी आहेत अजून. उपाशी गायी तासाभरात मुळापासून खातील."

"रोपं पुन्हा लावता येतात हो. बाप पुन्हा लावता येतो का?"

खरं सांगायचं तर मला भीती वाटली. फाटक उघडलं असतं तर पाहुण्याने मागितलं नसताना दिल्यासारखं झालं असतं, म्हणजे सासऱ्याला चारचौघांत भिकारी ठरवल्यासारखं. चारचौघं तिथे नव्हतीच, पण लाजेला कुठे डोळे असतात!

दुपारी गाडी आली. वनखात्याचे वाली फाय साहेब. हे सेरेर जमातीचे, आणि सेरेर-फुलानींचं थट्टेचं नातं पूर्वापार चालत आलेलं, एकमेकांना गुलाम म्हणायचं. उतरता उतरताच ओरडले, "ए गुलामा, चहा कुठाय?"

"आधी मालकाचे पाय धुवा, मग चहा," मी म्हणालो. नेहमीचंच. पण माझा आवाज हलला असावा, कारण त्यांनी हसणं थांबवलं. त्यांना राजधानीतल्या सभेसाठी पाटीचा आणि झाडांचा फोटो हवा होता. मी म्हटलं, फोटो काढा, पण आधी माझं एक काम करा. देवानेच तिसरं माणूस धाडलं होतं.

साहेब सासऱ्यांकडे गेले. मी फाटकाआड पाठ करून उभा राहिलो, कान मात्र तिकडे.

"म्हातारबाबा, सलाम! चारा पाहिजे का गायींना? इथे अंगठा द्या, झालं काम."

माझे सासरे खणखणीत हसले. तीन दिवसांच्या उपाशी माणसाचं हसणं होतं ते. "सेरेराच्या हातचं गवत आमच्या गायी खात नाहीत बाळा, त्यांचं दूध नासतं."

साहेबही खो खो हसले. "म्हणजे नको?"

"नको, नको. देवाची कृपा आहे. आम्ही जरा टेकलोय."

साहेबांनी वहीत खूण केली आणि परत आले. मी त्यांचा हात धरला. "साहेब, अजून दोनदा विचारा. पहिल्यांदा कुणी हो म्हणतं का? तिसऱ्यांदा विचारलं की म्हणतील, एवढा आग्रह असेल तर घेतो."

"अरे, तोंडाने नको म्हणाले ते! मी जबरदस्तीने चारू?" साहेबांचं सगळं बालपण डाकारसारख्या शहरात गेलं, त्यात त्यांचा काय दोष. "परवा येतो, तेव्हा विचारतो. आज सभा आहे."

गाडी धुरळा उडवत गेली. मी तिच्यापुढे आडवा पडायला हवं होतं. पडलो नाही. आजही जेवताना आठवतं, घास उतरत नाही.

सकाळी पाहिलं तर दोन गायी मेलेल्या आणि पाच बसलेल्या. मग मात्र माझी लाज संपली. दोन्ही हातांनी गवत उपटलं, बोटं रक्ताळली, कवळाभर गवत घेऊन ती वीस पावलं चाललो आणि डोक्याचं कापड मागे सारून सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहत बोललो, "बाबा, गवत घ्या."

त्यांनी तोंड फिरवलं. "नको."

"बाबा, घ्या."

"नको म्हटलं ना."

"पाया पडतो बाबा. घ्या."

मग त्यांनी हात पुढे केले, गवत घेतलं, आणि एकेका गायीच्या तोंडाशी धरत गेले. उभी होती तिने खाल्लं. बाकीच्या पाचजणींच्या ओठांतून ते तसंच खाली पडलं. त्यांनी ते उचलून पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. जन्मभर गुरांमागे फिरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा धरायची गरज नव्हती, तरी त्यांनी धरलं.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुरी आहे का तुझ्याकडे?"

लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू.

"आहे."

"आण. श्वास आहे तोवर बिस्मिल्ला म्हणून कापू. मेल्यावर कुणाला खाता यायच्या नाहीत."

मी गायींचे पाय धरले, सुरी त्यांनी चालवली. प्रत्येकीला आधी नावाने हाक मारली. चौथीपर्यंत हात ठाम होता. पाचवीच्या मानेवर तो थांबला. पेंदाच्या बारशाला त्यांनी तिला एक कालवड दिली होती, त्या कालवडीची ही नात.

"ही लेकीची," ते म्हणाले, आणि सुरी माझ्या हातात दिली. "म्हणजे तुझी. तू काप."