शेवटी वर आलेला माणूस

सुदामच्या लग्नात, जळकोटच्या मंगल कार्यालयात, माइकवरून मानकऱ्यांची चाळीस-पंचेचाळीस नावं पुकारली गेली आणि तेवढेच फेटे बांधले गेले. बजरंग सरांचं नाव तेवढं राहिलं. नांदेडच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात ज्यानं सुदामला हाताला धरून प्रोग्राम लिहायला शिकवलं, तो माणूस न जेवता निघून गेला. यादी सुदामच्या मामांनी केली होती. "फोन करून चुकलं म्हणा," असं त्याची बायको राजकन्या दहादा म्हणाली, पण 'मी काय मुद्दाम केलं?' म्हणत हा फुगून बसला. सरांनी लातूरला दुसरी नोकरी धरली आणि तेही फुगून बसले. दोघंही शहाणे! अबोल्याला दोन वर्षं झाली.

सरांनी मागं ठेवलेलं एका खासगी साखर कारखान्याचं सॉफ्टवेअर सुदामच्या गळ्यात आलं. गव्हाण, म्हणजे ऊस गिरणीकडे ओढून नेणारा लोखंडी पट्टा, त्यावरूनच चालू-बंद व्हायची. ऊस अडकला की पट्टा थांबवायचा, माणसं आत उतरून मोळ्या मोकळ्या करायची आणि वर यायची. पुन्हा चालू करताना पडद्यावर प्रश्न यायचा, 'शेवटी वर आलेल्या माणसाचं नाव?' नाव लिहिल्याशिवाय पट्टा हलायचा नाही.

यंदाच पट्टा चालवायच्या केबिनमध्ये लागलेला बबलू या प्रश्नाला विटला होता. सुदाम कारखान्यावर गेला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पाळीला दहादा ऊस अडकतोय. दहादा उठा, खिडकीतून वाकून बघा, कोण आलं ते विचारा, मग चिकट बोटांनी लिहा. नाकापेक्षा मोती जड झालाय. पट्टा सुरू करायच्या आधी सायरन वाजतोच की! हे काढून टाका."

गव्हाणीत उतरणारे अर्जुनराव शेजारीच उभे होते. तीस हंगाम गिरणीच्या आवाजात काढलेले, त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागायचं. बबलूनं काय चाललंय ते कानाशी ओरडून सांगितलं, तेव्हा उसाचं सोललेलं कांडं सुदामच्या हातात देत ते हसले.

"ऱ्हाऊ द्या की साहेब. माझं नाव कुणी तरी लिहून राहिलंय, बरं वाटतंय."

ऑफिसात सुदामनं तो भाग उघडून पाहिला. बजरंग सरांची सवय अशी, की प्रोग्रामच्या एका ओळीचं कारण शेजारी तीन ओळींत लिहायचे. इथं मात्र कारणाची एक ओळ नव्हती. त्यानं फोन हातात घेतला, सरांचा नंबर काढला आणि फोन पुन्हा खिशात ठेवला. आपण का नमायचं? हुशारी दाखवायला घातलेला खोडा असणार, दुसरं काय, असं त्यानं स्वतःला पटवलं. खरं सांगायचं तर ते पुसताना त्याला बरं वाटलं. प्रश्नाच्या जागी त्यानं एक हिरवं बटण टाकलं.

एकोणिसाव्या दिवशी भरदुपारी बबलूचा फोन आला. तो रडत होता. "साहेब, सायरन वाजवला व्हता. दोघं वर आले, मला वाटलं तिघं आले. मी बटण दाबलं."

पुढचं सुदामनं ऐकलं, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी त्यानं दोन वर्षांत न लावलेला नंबर लावला. एका घंटीत उचलला गेला.

"सर, तुम्ही तिथं काहीच लिहून ठेवलं नव्हतं," तो म्हणाला. इतकं होऊनही पहिलं वाक्य हेच निघालं, याची त्याला लाज वाटली.

मग गव्हाणीत काय झालं ते त्यानं सांगितलं.

"माझा धाकटा भाऊ गेला तसा. कर्नाटकात, दुसऱ्या कारखान्यात. ते लिहायला बसलो व्हतो दोनदा. हात चालंना." सर म्हणाले. "म्हटलं, काढायच्या आधी सुदाम विचारंल. त्यासाठी तरी फोन करंल."

मग सरांनी विचारलं, "कोण व्हतं आत?"

"अर्जुनराव."

"पूर्ण नाव सांग."

सुदामला ते माहीत नव्हतं.