गुच्छातलं कडं

माझ्या हाताखालून गेलेल्या फोटोत मुरूम, व्रण, सुरकुत्या, काहीच उरत नाही. चाळीस वर्षं या स्टुडिओत निगेटिव्ह खरवडतोय. लोक मला उगाच ‘रंधा’ म्हणत नाहीत.

माझी लेक ताऱ्यांचे फोटो काढते. वेधशाळेतल्या नोकरीसाठी तिला अर्जासोबत एका तारकागुच्छाचा फोटो आजच्याच टपालाने धाडायचा होता. सकाळी निगेटिव्ह माझ्या हातात देऊन ती म्हणाली, “बाबा, फक्त मोठा छापा.”

‘फक्त’ हा शब्द मला कधी कळलाच नाही. बघतो तर टपोऱ्या ताऱ्यांच्या घोळक्यात एक धुरकट कडं. रसायनाचा थेंब सुकला असणार. एवढ्या मेहनतीच्या कामावर डाग? मला राहवेना. बारीक पातं घेतलं, हलक्या हाताने खरवडलं आणि दुपारी लख्ख प्रिंट तिच्यापुढे ठेवली.

तिने भिंग लावून पाहिलं. “इथलं कडं कुठे गेलं?”

“खरवडलं. डाग होता.” मी शाबासकीची वाट बघत होतो.

ती स्टुलावर बसली. “तो तेजोमेघ होता, बाबा. मरत्या ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू. गुच्छाच्या बराच अलीकडे आहे, पण आपल्याला त्यातच दिसतो. त्याच्यासाठीच तर फोटो काढला होता. आता हा गुच्छ रात्री पुढच्या वर्षीच दिसेल.”

मी घाईने खण उघडला. “निगेटिव्हवर पेन्सिलने परत उमटवून देतो. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

“तुम्ही रेखाटलेलं नको.” आवाज चढला नव्हता तिचा. “माझ्या गालावरची खूणही तुम्ही प्रत्येक फोटोतून घालवलीत. लहानपणी वाटायचं, तुम्हाला ती बघवत नाही.”

“तुझं भलं करतोय असं वाटायचं गं मला,” मी म्हणालो, आणि म्हणताना स्वतःचीच लाज वाटली.

मग कागद घेतला आणि लिहिलं: ‘या गुच्छात तेजोमेघ स्पष्ट उमटला होता. डाग समजून मी तो खरवडला. चूक सर्वस्वी माझी.’ खाली सही केली, स्टुडिओचा शिक्का मारला. चूक कबूल करायची माझी ही पहिलीच वेळ. तिने चिठ्ठी दोनदा वाचली. “ही जोडू या,” म्हणाली आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला.

अर्जावर तिचा फोटो आधीच चिकटवलेला होता, गालावरच्या खुणेसकट. पलीकडच्या गल्लीतल्या स्टुडिओत जाऊन काढून आणला होता.

मी चिठ्ठीला टाचणी लावली. “चांगला आलाय,” म्हणालो.