दक्षिण कॉस्ट

लिंबाची एक बी पेल्याच्या काठाला चिकटून राहिली होती आणि निलंती तिच्याकडेच बघत होती, कारण बीकडे बघितलं की त्या म्हाताऱ्या गोऱ्या बाईच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं — बाई काहीतरी विचारत होती, आणि विचारलेलं सगळं, शब्द न् शब्द, निलंतीला कळत होतं. उत्तरही तिच्या जिभेवर तयार होतं. ते तिथेच बसून राहिलं होतं.

“समुद्रात उतरायचं म्हणतोय आम्ही,” डोरीनबाई पुन्हा म्हणाली. नाकावर पांढरं मलम, डोक्यावर सुपाएवढी टोपी. कालच लंडनहून आलेली, सोबत लेक आणि उंचाडा जावई गॅरेथ. “आज चालेल ना?”

निलंती हसली.

हसायचं, एवढंच तिला सांगून ठेवलेलं होतं. सांगणारा धाकटा भाऊ, चमिंद, गॅसचं सिलिंडर आणायला मातर शहरात गेला होता, पाहुणे उतरवायचं हे घर त्याचं, त्यांना काय करावं-काय करू नये ते सांगण्याचं कामही त्याचंच, आणि जाताना रिक्षात एक पाय ठेवून तो म्हणाला होता, “अक्का, सरबत दे, हस आणि आत जा. बाकीचं मी येऊन सांगतो. तुझा तो ‘ओ’ बाहेर काढू नकोस हां, लोक हसून लोळतील.” — “जा तू, सिलिंडर आण आधी, नाहीतर रात्री त्यांना कच्चे मासे वाढ,” असं तिनेही सुनावलं होतं. पण पटलं होतं तिला. तिचा ‘ओ’ खरंच वाईट होता.

म्हणजे असं, की इंग्रजीत ‘ओ’ असतो आणि ‘ऑ’ असतो, हे तिला शाळेपासून माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच घोटाळा व्हायचा… एकटीने म्हणताना दोन्ही आपापल्या जागी नीट बसायचे, पण समोर माणूस आला, की जीभ घाबरून त्यांची अदलाबदल करायची. आमच्याकडे सिंहलीत इंग्रजीला ‘कडुव’ म्हणतात, तलवार. ज्याला येते तो चालवतो, ज्याला येत नाही तो मान खाली घालतो. निलंतीने मान कधी खाली घातली ते तिला पक्कं आठवत होतं — गॉलच्या एका हॉटेलात, नोकरीच्या मुलाखतीला, आईची निळी साडी नेसून. कुठली तू, असं विचारलं होतं. दक्षिण किनाऱ्यावरची, एवढंच सांगायचं होतं. साउथ कोस्ट. आणि ती म्हणाली, “साउथ कॉस्ट.” कोस्ट म्हणजे किनारा आणि कॉस्ट म्हणजे किंमत, तेव्हा टेबलामागचे तिघे एकमेकांकडे बघून हसले, आणि मधला म्हणाला, “कॉस्ट? म्हणजे बाई महागातली दिसते!” …परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर सगळा रस्ता समुद्रच होता आणि तिने त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. पुढे लग्न झालं, नवरा गेला, भावाच्या घरी चूल आली. तोंड मात्र तेव्हा मिटलं ते मिटलंच.

“चला तर, हो म्हणतेय ती,” डोरीनबाई पायरी उतरत लेकीला म्हणाली. हातात घडी घातलेला कागद होता, त्यांच्या सरकारने आपल्या लोकांसाठी काढलेल्या सूचनांचा, आणि ती तो चालता चालता वाचत होती, “खांदे झाका… बुद्धाकडे पाठ करून फोटो काढू नका… रस्त्यावरच्या कुत्र्यांना हात लावू नका… समुद्रात जाण्याआधी स्थानिकांना विचारा. विचारलं की आपण!”

निलंती रिकामे पेले ताटलीत ठेवत होती. हो म्हणतेय? कोण हो म्हणतेय? मी नुसती हसले… आणि मग हातातला पेला हातातच राहिला. स्थानिक. त्या लांबलचक कागदावर, कुत्रे, डास आणि बाटलीतलं पाणी यांच्यात, एक जागा तिच्यासाठी ठेवलेली होती. त्यांनी येऊन रीतसर विचारलं होतं, आणि ती लिंबाची बी बघत बसली होती!

एप्रिलात आमचं नवं वर्ष होऊन गेलं की आमचा समुद्र कूस बदलतो. लाटा सगळीकडे उठतात, फक्त दोन खडकांच्या मधे एक पट्टा गुळगुळीत राहतो, कुणी इस्त्री फिरवल्यासारखा, आणि नवखा माणूस बरोबर तिथेच उतरतो. थात्ता त्याला ‘वाट’ म्हणायचे — तिचे वडील, जन्मभर होडीवर काढलेले. ‘ही वाट फक्त जायची आहे, पोरी,’ म्हणायचे, आणि नारळाचं सोडण उचलून त्यात टाकून दाखवायचे.

ती धावली. पन्नाशीची बाई, पदर कमरेला खोचून, तापल्या वाळूतून. गॅरेथ गुडघाभर पाण्यात होता, बरोबर त्या गुळगुळीत पट्ट्यात, मागे वळून बायकोला हाताने बोलावत होता. निलंतीने तोंड उघडलं, आणि जिभेने नेहमीसारखीच अदलाबदल केली, आणि आवाज मात्र असा निघाला की वाळूतले कावळे उडाले.

“नॉ! नॉ! डॉन्ट गॉ! नोट देअर!”

तो थांबला. “इथे तर पाणी शांत आहे,” तो हसत ओरडला.

“नोट शांत!” ती म्हणाली. कुठली भाषा कुठे संपली याचं तिला भान नव्हतं. पाण्याकाठी पडलेलं सोडण तिने उचललं आणि त्याच्या अंगावरून पुढे भिरकावलं. ते पडलं, एकदा गोल फिरलं, आणि निघालं… काठाकडे नाही, सरळ बाहेर, कुणीतरी दोरीने ओढून नेत असल्यासारखं, खडक ओलांडून पार फेसापलीकडे. सगळे बघत राहिले. गॅरेथचं हसू गेलं, आणि तो पाय ओढत, पाण्याशी झटत काठावर आला. चेहरा पांढराफटक.

“तुम्हाला कसं कळलं?” त्याने विचारलं.

“धिस इज माय कॉस्ट,” निलंती म्हणाली.

ऐकला तिने तो शब्द. तोच तो. डोरीनबाईच्या लेकीच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललंसुद्धा, आणि निलंती वाट बघत राहिली, छातीत ते जुनं दुखेल म्हणून. दुखलं नाही. उलट हसूच यायला लागलं तिला — महागातली तर महागातली! — आणि ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने, प्रत्येक अक्षर दाबून, “माय कॉस्ट. साउथ कॉस्ट.”

डोरीनबाईने कागदाची घडी करून टोपीत खोचली आणि वाळूत बसकण मारली. “आणखी काय काय आहे ते सांगा,” ती म्हणाली. “या वेळी मी नीट ऐकते.”

मग मी सांगितलं, हो, मीच, निलंतीने. सगळं सांगितलं. पोहायचं ते त्या वाकड्या माडासमोर, तेही सकाळी. देवळात टोपी काढायची, एवढी सुंदर असली तरी काढायची. बसमधली पुढची जागा भिक्खूंची, तिथे बसू नका. रिक्षावाला म्हणाला की आज देऊळ बंद आहे, तर देऊळ उघडं आहे आणि त्याच्या मेव्हण्याचं रत्नांचं दुकानही. आणि आम्ही हसलो म्हणजे हो म्हणालो असं नाही, पुन्हा विचारा. डोग, नोट, बोटल, शॉल्डर — जसा येईल तसा ‘ओ’ सोडत गेले, आणि ते माना हलवत होते, मधेच थांबवून विचारत होते. माझ्या तोंडाकडे बघून विचारत होते. एवढा आनंद मला कुठल्या सणाला झाला नव्हता.

चमिंद खांद्यावर सिलिंडर घेऊन कधी येऊन उभा राहिला कळलंच नाही. “अक्का, ‘नॉट’ गं, ‘नोट’ काय…” तो सिंहलीत पुटपुटला.

“मल्ली, धाकटा आहेस, मधे बोलू नकोस,” ती म्हणाली. “माझं चाललंय.”

सिलिंडर खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

दुपारी ती मासे चिरत असताना तो दाराशी येऊन म्हणाला, “संध्याकाळी दुसरे पाहुणे येतायत. त्यांना मी सांगेन, तू दमलीस.” तिच्या हातावर मीठ होतं, खवले होते, आणि ओठांना जरासं हलवून ती आतल्या आत म्हणून बघत होती, कोस्ट, कॉस्ट, कोस्ट… यातला कुठला खरा, ते आता एकटीलासुद्धा सांगता येईना. संध्याकाळी व्हॅनचा भोंगा वळणावर वाजेल. चमिंद केसांना पाणी लावून पुढे होईल, किंवा होणार नाही. माझ्या तोंडातून कुठला ‘ओ’ पडेल, मला ठाऊक नाही — पडू दे, कुठलाही पडू दे, ऐकतील ते.