सुभाषचंदचं एडिंबरा

जळगावच्या आमच्या समाजाच्या सभागृहात त्या संध्याकाळी एकशे बारा खुर्च्या, सहा पंखे, त्यांतले चार चालू, भिंतीवर एक पांढरी चादर आणि टेबलावर सुभाषचंदने विलायतेहून आणलेला प्रोजेक्टर होता. पुढच्या रांगेत धुळ्याचे पाहुणे बसले होते: केवलचंदजी, त्यांची बायको, मुलगी. मागे बायकांत माझी मोठी बहीण, लाडकुंवर जीजी.

सुभाषचंद डॉक्टरी शिकायला एडिंबऱ्याला गेला तेव्हा जीजीशी त्याची सगाई झालेली होती. चार वर्षं त्याची पत्रं येत होती. तुला किल्ला दाखवीन, फुलांचं घड्याळ दाखवीन. परत आला आणि निरोप धाडला: मुलगी खेडवळ आहे, चार लोकांत न्यायच्या लायकीची नाही. सगाईचे दागिने त्याची माणसं मागून घेऊन गेली. आता धुळ्याची बोलणी आज पक्की व्हायची होती.

मशीन चालवायला त्याने मलाच बोलावलं. मी कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर. आमच्यात सगाई मोडली तरी बोलावणं मोडत नाहीत. त्याचा भरवसा त्यावरच होता.

"एकेकच स्लाइड आहे हं, मास्तर. जपून."

"जपूनच," मी म्हणालो.

दिवा आणि स्लाइड यांच्यामध्ये एक जाड काच असते. ती उजेड सोडते, उष्णता अडवते. दुपारी मशीन पुसताना ती मी काढून खिशात घातली होती.

"हे फुलांचं घड्याळ," सुभाषचंद सांगू लागला. "बागेतच लावलेलं, आणि बरोबर वेळ दाखवतं..."

घड्याळ फुगलं, मधोमध तपकिरी झालं, त्याला बुडबुडे आले. दारातून शिपाई लोटन ओरडला, "भाऊ, घड्याळ पेटनं!"

"व्होल्टेज," सुभाषचंद हसत म्हणाला. "आपल्याकडची वीजच गावठी. पुढची लाव."

मी पुढची लावली. राजवाडा गेला.

"पुढची!" त्याचा आवाज चढला. "ही टेकडी. हा मुळात विझलेला ज्वालामुखी..."

टेकडी उकळू लागली.

"विझलेला म्हणता, डॉक्टरसाब?" केवलचंदजींनी विचारलं. सभागृह खदखदून हसलं. त्यांची मुलगी तोंडाला पदर लावून हसत होती. केवलचंदजी उठले, बायकोला म्हणाले, "चला, गाडी गाठायची आहे. बोलणी मग कधीतरी पाहू."

सुभाषचंद टेबलाशी आला. जळक्या फिल्मचा वास येत होता. माझ्या हातातली स्लाइड पाहून तो हळूच म्हणाला, "किल्ला तेवढा राहू दे. पाया पडतो."

"जीजीला दाखवायचा होता ना, सुभाषभाई?"

मागे जीजी उभी राहिली होती, नीट दिसावं म्हणून. मी स्लाइड सरकवली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

किल्ला अकरा सेकंद टिकला.