जंक्शनवर गाडी दुभंगली तेव्हा

मी एक जुनी सॅक आहे, मित्रांनो. माझा रंग एके काळी हिरवा होता. आता त्याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा. पोलंडमधल्या बिएल्स्को गावी तंबू शिवण्याचा एक कारखाना होता. तिथले कारागीर वालेंती यांनी उरलेल्या जाड कापडातून मला आपल्या लेकीसाठी, बोग्नासाठी शिवले.

बोग्ना मोठी झाली. तिचे राडेकशी लग्न झाले, यागोदा जन्मली. पगार बेताचा, पण दर उन्हाळ्यात एक नवे शहर पाहायचेच, हा बोग्नाचा हट्ट. प्राग, बुडापेस्ट, ल्युब्लियाना ही शहरे मी तिच्या पाठीवरून पाहिली. मुक्काम सुट्टीत रिकाम्या पडलेल्या वसतिगृहात, संग्रहालय फुकट असेल त्या दिवशीच, आणि जेवण माझ्या पोटात: काळा पाव, उकडलेली अंडी, खारवलेल्या काकड्या. "आमची बोग्ना हॉटेल पाठीवर घेऊन फिरते," असे वालेंती शेजाऱ्यांना सांगत. ते ऐकून मला फार बरे वाटे. पुढे स्वस्त विमाने आली. विमानतळावर सामान मोजायच्या लोखंडी मापात मी बसेना. मग चाकांची बॅग आली आणि मी तळघरात बटाट्यांशेजारी जाऊन पडले.

व्हिएन्नाला रेल्वेने जायचे ठरले तेव्हा मला पुन्हा बाहेर काढले. वालेंती आजोबा आता विसरू लागले होते. त्यांना एकटे घरी ठेवणे शक्य नव्हते, म्हणून तेही निघाले.

गाडी गच्च भरली होती आणि राखीव जागांचे जादा पैसे आम्ही भरले नव्हते. "पुढच्या डब्यात जागा दिसली तर आजोबांना बसव," बोग्ना यागोदाला म्हणाली. "त्यांचा हात मात्र सोडू नकोस." नऊ वर्षांची यागोदा मला पाठीवर घेऊन आजोबांसह पुढे गेली. जागा मिळाली.

एका जंक्शनवर गाडी बराच वेळ थांबली. धक्के बसले, मग ती चालू लागली. आजोबांना डुलकी लागली होती. मला त्यांच्या मांडीवर ठेवून यागोदा जागा मिळाल्याचे आईला सांगायला मागे गेली, तर दाराच्या काचेपलीकडे नुसते रूळ. गाडीचे दोन भाग झाले होते. आईबाबांचा भाग व्हिएन्नाला निघाला होता, आमचा स्लोव्हाकियाकडे.

ती धावत परत आली. आजोबा मला घेऊन दाराशी उभे होते. गाडी एका छोट्या स्टेशनात थांबत होती.

"चल, उतर. कारखाना आला."

"आजोबा, हा कारखाना नाही. बसा ना."

"मला शिकवतेस? भोंगा ऐकला नाहीस?"

ते उतरले. माझा एक पट्टा त्यांच्या हातात, दुसरा गाडीत उभ्या असलेल्या यागोदाच्या मुठीत. दार बंद होण्याची घंटी वाजू लागली. दोघेही ओढत होते. माझे टाके एकेक करून तुटत होते. मी फाटले असते तर एक बाहेर, एक आत, अशी ताटातूट झाली असती. तेवढ्यात यागोदाने ओढणे सोडले आणि खाली उडी मारली. तिच्यामागे दार बंद झाले.

स्टेशनावर चिटपाखरू नव्हते. काही वेळाने एक बाई सायकल ढकलत आली. तिची भाषा यागोदाला अर्धीच कळली, पण फोन मागितलेला त्या बाईला कळला. आईचा नंबर यागोदाला पाठ होता. पाटीवरचे स्टेशनाचे नाव तिने आईला वाचून दाखवले.

"तिथंच थांब," पलीकडून बोग्ना म्हणाली. "आम्ही परत फिरतोय. आजोबांना हलू देऊ नकोस."

ती बाई पोलिसाला आणायला गावात गेली. आजोबा लगेच फलाटावरून उतरले, रुळांमधून चालू लागले. यागोदाने त्यांची बाही धरली. त्यांनी झटकली.

"सोड, पोरी. कोण गं तू?"

लांबून मालगाडीचा आवाज येत होता. मग तिने डोळे पुसले आणि मला पुढे धरले.

"वालेंतीकाका, एक काम होतं. ही सॅक फाटलीय. कामावर जाण्याआधी शिवून द्याल का?"

आजोबा थांबले. माझा लोंबणारा पट्टा त्यांनी हातात घेतला.

"कुणी केलं हे?"

"मी."

"अशी ओढतात का? आण इकडं."

ते फलाटावर चढून बाकावर बसले. टोपीच्या अस्तरातून दोरा ओवलेली सुई निघाली. मालगाडी धडधडत समोरून गेली. त्यांनी मान वर केली नाही. यागोदाने त्यांच्या कोटाचे टोक शेवटपर्यंत मुठीत धरून ठेवले.

बोग्ना आली ती पळतच. दोघांना मिठीत घेऊन उभी राहिली. पोलिसाशी बोलणे राडेकने उरकले. मग त्याने हळूच विचारले, "आता व्हिएन्ना?"

"व्हिएन्ना कुठं पळून जात नाही," ती म्हणाली, आणि माझ्यातली अंडी काढून तिथेच सोलायला बसली.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू फाटली तर तिला टाका घाला, टाकून देऊ नका. आणि घरातले जुने माणूस भलत्याच स्टेशनावर उतरू लागले, तर त्याला ओढू नका. त्याच्याबरोबर उतरा.