डागाविना आलेला डगला

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुंटी आहे आणि मला एका डगल्याची भीती वाटते. हसू नका. अर्धं अंग भिंतीत गाडून घेतलेलीने घाबरून पळायचं तरी कुठे?

एका सुताराने मला खुर्चीच्या उरलेल्या पायातून घडवलं आणि दारामागे ठोकलं. छत्री, पिशवी, मुलीचं दप्तर, सगळ्यांचा भार मी बिनतक्रार सोसला.

घरचा कर्ता पुरुष लेथवर काम करायचा. लोखंड कातायचा तेव्हा त्याचा डगला तेलाने काळाकुट्ट व्हायचा. बायको त्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. "तुम्ही या, तो राहू दे बाहेर," ती म्हणायची. डगला जिन्याच्या कठड्यावर झोपायचा.

मग कारखान्यात नवा धातू आला. तांब्यात बेरिलियम नावाचं काहीतरी मिसळलेला, पिवळसर, देखणा. सुटीच्या वेळी कामगार हवेच्या नळीने एकमेकांचे कपडे झाडायचे आणि चकाचक होऊन घरी निघायचे. डगल्यावर ना तेल, ना डाग.

"बढती मिळाली वाटतं तुम्हाला," बायको म्हणाली.

"मला कुठली? डगल्याला मिळाली. त्याला आत घे."

असा तो माझ्यावर आला. मी तर फुशारून गेले. मुलगी रोज धावत येऊन त्यात तोंड खुपसायची. बायको तो झटकून पुन्हा मला अडकवायची. झटकताना काही उडायचं नाही. निदान दिसायचं तरी नाही.

काही वर्षांनी बायकोला कोरडा खोकला लागला. मग जिना चढताना दम लागू लागला.

"वजन वाढलंय तुझं," नवरा म्हणाला.

"घटलंय. हे कपडे बघा, खुंटीला अडकवल्यासारखे लोंबतायत."

या विनोदावर मीसुद्धा हसले होते.

औषधं झाली, हवापालट झाला. शेवटी एका छातीच्या डॉक्टरीणबाईंकडून दोघं परतली. चपला काढता काढता नवरा म्हणाला, "बाईंनी काय विचारलं, ऐकलंस ना? घरात कामाचे कपडे कोण झटकतं, म्हणे."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी माझ्या अंगावर काय टांगलंय ते मला कळलं. त्या धातूची धूळ दिसत नाही. ज्याच्या अंगाला ती सोसत नाही, अशा एखाद्याच्याच फुप्फुसात ती ठाण मांडते आणि वर्षांनंतर ते फुप्फुस ताठरतं. औषधाने आराम पडतो, पण आजार जात नाही. तिघांचं रक्त तपासायला गेलं. दिवसभर त्या धुळीत उभा राहणारा नवरा ठणठणीत निघाला. जिने जन्मात लेथ पाहिलं नव्हतं, ती पाठीशी तक्क्या लावून बसली होती.

मुलीचा निकाल मात्र यायचा होता. त्या दिवसांत तिने नुसता घसा खाकरला तरी घरातली तिघं दचकायची. तिसरी मी.

निकाल चांगला आला. "सध्या तरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुन्हा तपासत राहू."

कारखान्यातली हवेची नळी गेली. धूळ ओढणारं यंत्र आलं, न्हाणीघर आलं, आणि डगले तिथेच धुवायचे असं ठरलं. घर ओल्या फडक्याने पुसून काढलं, मलाही. तरी एका संध्याकाळी नवरा हातावर डगला टाकून आला.

"तिथली धुलाई बंद पडलीय. एका दिवसाने काय होतंय?"

मुलगी दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली. "आत नको, बाबा."

"अगं, स्वच्छ आहे."

"म्हणूनच."

आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. तो तसाच मागे फिरला, डगला कारखान्यात ठेवून, न्हाऊन परतला.

मित्रांनो, कामावरून येणाऱ्या आपल्या माणसाला मिठी जरूर मारा. पण आधी त्याला तिथेच न्हाऊन, कपडे बदलून येऊ द्या. तशी सोय नसेल, तर ती मागायला त्याला संकोच वाटू देऊ नका.

मी आता बहुतेक रिकामीच असते. जिन्यात पावलं वाजली की मुलगी बाबांचा चेहरा बघायला धावते. मी आधी त्यांचे हात बघते.